बिनतारी खेळगाड्यांचे जुने संच

इ. स. १९७६ च्या डिसेंबर महिन्यांत जपानमधील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीनें एक पुठ्ठ्याची पेटी बाजारांत आणली. पेटीच्या झाकणावर पोर्शे ९३४ ह्या शर्यतीच्या मोटारीचें चित्र होतें. पण झाकण काढल्यावर आंत मोटार दिसत नसे. दिसत ते मोटारीचे अवयव. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले लहानमोठे भाग, चार रबरी टायर, मुठींत मावेल एवढी विजेची मोटर, दांतेरी चक्रें, पिशव्यांत भरलेले स्क्रू आणि जुळणीचा एकेक टप्पा चित्रांनीं समजावून देणारी पुस्तिका, एवढा ऐवज त्या पेटींत असे. गाडी तयार करण्याचें काम विकत घेणाराचें होतें. दूर उभें राहून बिनतारी लहरींच्या योगानें तिला पळविण्याचें व वळविण्याचें उपकरण निराळें घ्यावें लागे, बॅटरीहि निराळी घ्यावी लागे, आणि रंग द्यावयाचा तो ज्यानें त्यानें आपल्या हौसेप्रमाणें द्यावयाचा.

कंपनीच्या यादींत त्या पेटीचा अनुक्रमांक ५८००१ असा होता. पुढें ५८ ह्या आंकड्यानें आरंभ होणारे शेंकडों संच निघाले, आणि आज ठिकठिकाणचे संग्राहक त्यांतील कित्येकांना नांवाऐवजीं आंकड्यानेंच ओळखतात. ह्या संग्राहकांच्या व्यवहारांत नवख्या माणसाला एक गोष्ट मोठी चमत्कारिक वाटते. ज्या पेटीवर एखाद्या मुलानें वाढदिवशीं झडप घातली, रात्र जागून जिची गाडी जुळविली आणि ती गाडी अंगणांत, वाळूंत, चिखलांत पळवून पळवून खिळखिळी केली, त्या गाडीला बाजारांत थोडें मोल. जी पेटी दुकानाच्या माळ्यावर राहून गेली आणि जिचें झाकण कोणीच उघडलें नाहीं, तिच्यासाठीं मात्र चढाओढीनें बोली लागते. कोऱ्या टपाल-तिकिटाची गोष्ट थोडीशी अशीच आहे खरी. परंतु तिकीट चिकटविण्यांत कोणाला आनंद होत नाहीं. येथें खरेदीचा सारा आनंद जुळणींत होता, आणि तो ज्यानें घेतला नाहीं त्याचीच वस्तु श्रेष्ठ ठरली.

हें उलटें गणित कसें जमलें तें कळण्यास ह्या संचांचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. बिनतारी नियंत्रणाची कल्पना खेळगाडीहून पुष्कळ जुनी आहे. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युल्लहरींच्या साह्यानें दूरवरची घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. त्यानंतर तीन वर्षांनीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्यांत एक लहानशी नाव सोडली आणि तिला तारेचा कसलाहि संबंध नसतां हवी तशी फिरविली. १८९८ च्या नोव्हेंबरांत त्याला ह्या युक्तीचें पेटंट मिळालें. परंतु ह्या नावेपासून मुलाच्या हातांतील खेळगाडीपर्यंत येण्यास सुमारें सत्तर वर्षें लागलीं. अडचण कल्पनेची नव्हती, वजनाची होती. कांचेच्या दिव्यांवर चालणारें ग्राहकयंत्र आणि त्याला लागणाऱ्या बॅटऱ्या हा बोजा मोठ्या पंखांच्या विमान-प्रतिकृतीला कसाबसा पेलत असे. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, पुढें तो स्वस्त झाला, आणि मग कोठें हें यंत्र काडेपेटीएवढ्या जागेंत मावूं लागलें.

१९६६ सालीं इटलीमधील रेज्जो एमिलिया गांवच्या एलेत्रोनिका जोकात्तोली ह्या कारखान्यानें फेरारी २५० एलएम् मोटारीची एक-द्वादशांश आकाराची बिनतारी प्रतिकृति विक्रीस काढली. त्या सुमाराच्या पुष्कळ बिनतारी गाड्यांत छोटेंसें इंजिन असे. अशीं इंजिनें मद्यार्कमिश्रित इंधनावर चालत. तीं कर्कश आवाज करीत, धूर सोडीत आणि हात तेलकट करीत. हा प्रौढांचा, तोहि मोकळ्या मैदानावरचा शौक होता. घराच्या ओसरीवर त्याला प्रवेश नव्हता. विजेच्या मोटरीवर चालणारी, आवाज न करणारी, दुकानांतून उचलून आणून रात्रीं जेवणाच्या टेबलावर जुळवितां येईल अशी गाडी निघाली तेव्हां ह्या शौकाचें रूप पालटलें. आणि तें पालटण्यांत शिझुओकाचा वांटा सर्वांत मोठा आहे.

शिझुओका हें मूळचें लांकूडकामाचें शहर. तोकुगावा राजवटींत तेथील देवालयाच्या बांधकामासाठीं दूरदूरचे सुतार व कोरक्ये आले आणि काम संपल्यावर तेथेंच राहिले, असें त्या शहरांत सांगतात. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं योशिओ तामिया यांनीं त्या शहरांत लांकडाची वखार घातली. जोडीला लांकडी जहाजांचे व विमानांचे संच विकण्यास आरंभ झाला, आणि १९५३ च्या सुमारास वखार मोडून ह्या संचांवरच सारी भिस्त ठेवण्यांत आली. इतक्यांत अमेरिकेहून प्लॅस्टिकचे संच येऊं लागले व लांकडाला गिऱ्हाईक उरेना. १९६० सालीं कंपनीनें यामातो ह्या युद्धनौकेचा आपला पहिला प्लॅस्टिक संच काढला. त्याच नौकेचा स्वस्त संच प्रतिस्पर्ध्यानें बाजारांत आणला आणि तामियांचा संच पडून राहिला. प्लॅस्टिकच्या धंद्यांत खरें भांडवल पोलादी सांच्यांत अडकलेलें असतें. एक सांचा फसला कीं लहान कारखान्याचा कणा मोडतो.

कंपनीला तारलें तें पँथर नांवाच्या जर्मन रणगाड्यानें. त्याच्या पेटीवरचें चित्र शिगेरु कोमात्सुझाकी ह्या नांवाजलेल्या चित्रकारानें काढलें होतें. रणगाड्याच्या पोटांत मोटर होती आणि तो खरोखरच चाले. ह्या रणगाड्याच्या आकाराची एक गंमत आहे. मोटर आणि बॅटऱ्या आंत मावाव्यात एवढ्यासाठीं त्याचा आकार ठरविण्यांत आला; मागाहून मोजून पाहतां तो मूळ रणगाड्याच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला, आणि पुढें जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृतींना हेंच प्रमाण रूढ झालें. दिसण्यांत हुबेहूब आणि शिवाय चालणारें, ही ह्या घराण्याची आवड पहिल्यापासूनची दिसते.

योशिओंचे चिरंजीव शुनसाकु तामिया (१९३४–२०२५) ह्यांच्या अंगांत ही आवड पुरतीच भिनली होती. पोर्शे मोटारीची प्रतिकृति करावयाची ठरली तेव्हां त्यांनीं जर्मनींत जाऊन कारखाना पाहिला, छायाचित्रें घेतलीं, मापें टिपलीं. तेवढ्यानें समाधान होईना, म्हणून त्यांनीं एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून तिचा भाग अन् भाग पाहिला. मोटार पुन्हा जुळवितां येईना तेव्हां पोर्शेच्याच माणसांचें साह्य घ्यावें लागलें, अशी हकीकत सांगतात. जगभरच्या मुलांना जुळणी शिकविणाऱ्या कारखान्यावर जुळणीसाठीं परक्या कारागिराकडे जाण्याची पाळी यावी, ह्यांत मौज आहे. पण एवढ्या खटाटोपानंतर तयार झालेल्या सांच्यांवर नुसती शोभेची गाडी काढून खर्च निघण्यासारखा नव्हता. त्याच गाडीच्या अंगांत मोटर व बिनतारी यंत्र बसविण्याची कल्पना पुढें आली, आणि ५८००१ ह्या आंकड्याचा जन्म झाला.

ह्या गाड्यांच्या बिनतारी अंगाविषयीं येथें दोन शब्द सांगणें जरूर आहे. कारण जुन्या संचाबरोबर संग्राहक जीं उपकरणें जपून ठेवतात त्यांचा अर्थ आतां नव्या पिढीला लागत नाहीं. त्या काळीं बहुतेक देशांत खेळण्यांसाठीं २७ मेगासायकलच्या आसपासचा पट्टा राखलेला असे. प्रेषकांत आणि ग्राहकांत स्फटिकांची एकेक जोडी बसवावी लागे व त्या स्फटिकावर गाडीची लहर ठरे. पट्ट्याचे सहा भाग पाडलेले होते आणि त्यांना तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिंवळा, हिरवा व निळा असे रंग दिलेले होते. मैदानावर येणारा प्रत्येकजण आपल्या प्रेषकाच्या लांब दांडीला आपल्या रंगाची फीत बांधी. तांबडी फीत बांधलेला दुसरा कोणी आधींच आलेला असला, तर एकानें आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ बसावयाचें; कारण दोघांनीं एकदम प्रेषक चालू केल्यास एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमानें धांवे आणि बहुधा भिंतीवर आदळे. ह्याच पट्ट्यांत मालमोटारींचे चालक एकमेकांशीं बिनतारीवर बोलत, त्यामुळें रस्त्यावरून एखादी मालमोटार गेली कीं मैदानावरील गाडीच्या अंगांत येई. मुलांमुलांमधली ही रंगांची वाटणी, त्यावरचीं भांडणें आणि समेट हा ह्या शौकाचा एक गोड भाग होता. आतां २.४ गिगासायकलच्या पट्ट्यांत यंत्रें आपल्या वाटा आपणच शोधतात. फितींचें काम उरलें नाहीं. जुन्या पेटीबरोबर एखादी मळकी नारिंगी फीत सांपडली तर जाणता संग्राहक ती टाकून देत नाहीं.

गाडीचा वेग कमीजास्त करण्याची रीतिही ओबडधोबड होती. सर्व्हो नांवाची एक लहानशी यांत्रिक भुजा तांब्याचा पट्टा पुढेंमागें सरकवी, आणि कमी वेगाच्या वेळीं जास्तीची वीज एका चिनीमातीच्या रोधकांत जाळून टाकी. तो रोधक इतका तापे कीं बोट भाजावें. मुलांना विजेचा पहिला धडा पुष्कळदां तेथेंच मिळे.

१९७९ च्या अखेरीस तामियांनीं रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर हे दोन संच काढले. संग्राहकांच्या जगांत ह्या जोडीला जो मान आहे तो क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. कॅलिफोर्नियांत व मेक्सिकोच्या बाहा प्रांतांत जुन्या फोक्सवॅगन मोटारींना मोठीं चाकें लावून वाळवंटांतून शर्यती होत. त्या मोटारींच्या ह्या प्रतिकृति. पहिली उघड्या सांगाड्याची, दुसरी कासवासारख्या पाठीच्या फोक्सवॅगनची. दोघींचा खालचा भाग एकच. ह्या खालच्या भागांतच सारें रहस्य आहे. पुढचे व मागचे झोलाचे हात ओतीव धातूचे होते व त्यांची रचना खऱ्या फोक्सवॅगनच्या धर्तीवर होती. मधली पाटी कांचतंतूची होती. बिनतारी यंत्र व बॅटरी पारदर्शक डब्यांत बंद केलेलीं असत आणि डब्याच्या तोंडाला रबर असे, म्हणजे डबक्यांतून गाडी नेली तरी आंत पाणी शिरूं नये. खेळण्याला इतकें कांहीं नको होतें. धातूमुळें गाडी जड झाली, आणि शर्यतीसाठीं जडपणा म्हणजे शत्रुच. परंतु ज्यांनीं ती करविली त्यांना शर्यत जिंकावयाची नव्हती, खरी मोटार लहान करावयाची होती. हा फरक ध्यानांत घेतला म्हणजे पुढचें पुष्कळसें उलगडतें. १९८१ सालच्या टोयोटा हायलक्स संचांतहि हीच वृत्ति आहे. त्या छोट्या मालगाडीच्या आंत तीन गतींची गिअरपेटी होती, आणि चालतां चालतां ती दुरूनच बदलतां येई.

असे संच महाग पडत. १९८४ सालीं ग्रासहॉपर व हॉर्नेट ह्या दोन गाड्या आल्या, आणि त्यांनीं हा शौक सामान्य घरांत नेला. धातूच्या जागीं प्लॅस्टिकची एकसंध होडी आली, झोलाची रचना अगदीं साधी झाली, एका सुट्टीच्या दिवसांत मुलाच्या हातून गाडी उभी राहूं लागली. युरोपांत आणि अमेरिकेंत त्या दशकांत वाढलेल्या असंख्य मुलांची पहिली गाडी ह्या दोहोंपैकींच एक होती. आणि ह्या मुलांनीं काय केलें? जें करावयास हवें होतें तेंच केलें. गाड्या पायऱ्यांवरून उडविल्या, समुद्राच्या वाळूंत लोळविल्या, एकमेकींवर आदळल्या. दांतेरी चक्रें झिजलीं, पुढचा आघातरक्षक तुटला, सुटा भाग आणण्यास पैसे नव्हते म्हणून गाडी पलंगाखालीं गेली, आणि घर बदलतांना कचऱ्यांत गेली. आपल्याकडे दिवाळींतला मातीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तरी पुष्कळ झालें; त्याचीं चित्रें उरतात, किल्ला उरत नाहीं. ह्या गाड्यांचेंहि तसेंच झालें. ज्या महाग त्या मुळांतच थोड्या खपल्या, आणि ज्या स्वस्त त्या खेळून संपल्या. दुर्मिळतेच्या वाटा दोन, पण दोन्ही शेवटीं संग्राहकाच्या दारीं येऊन मिळाल्या.

अमेरिकेंत ह्याच १९८४ सालीं असोसिएटेड कंपनीची आर्‌सी-१० ही गाडी निघाली. तिचा स्वभाव अगदीं निराळा. तिची बैठक सोनेरी मुलामा चढविलेल्या अॅल्युमिनियमची होती, झोल तेलाच्या धक्काशोषकांवर तोललेला होता, आणि खऱ्या मोटारीसारखें दिसण्याची तिला मुळींच हौस नव्हती. ती शर्यतीसाठीं होती. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत दोन चाकांना गति देणाऱ्या गाड्यांच्या वर्गांत तीच पहिली आली. जपानांत क्योशो कंपनीची १९८२ सालची स्कॉर्पियनहि ह्याच वृत्तीची होती. ह्यानंतर हुबेहूबपणाच्या मार्गानें जाणारांना शर्यतीचें मैदान सोडावें लागलें. १९८८ सालीं तामियांनीं अव्हांते नांवाची अतिशय गुंतागुंतीची व महाग गाडी काढून तें परत मिळविण्याचा यत्न केला. मैदानावर ती फारशी चमकली नाहीं. आज मात्र संग्राहकांच्या फळीवर तिला उच्च स्थान आहे. मैदानावरची हार आणि फळीवरचा मान ह्यांचा असा जोड ह्या क्षेत्रांत वारंवार आढळतो. जिंकणाऱ्या गाड्या झिजून गेल्या. हरणाऱ्या किंवा धड न चालणाऱ्या गाड्या लौकर विश्रांतीला गेल्या आणि वांचल्या.

पेटी उघडली नाहीं म्हणजे आंतली वस्तु काळाच्या तावडींतून सुटली असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाहीं. पांढरें प्लॅस्टिक उन्हानें व उष्म्यानें पिंवळें पडतें. रबर आपोआप कडक होतें व टायरांच्या कडेला भेगा पडतात. कागदावरच्या चिकटचित्रांचा डिंक वाळतो, आणि चाळीस वर्षांनंतर तीं लावावयास गेलें तर कागद हातांत येतो व चित्र मागें राहतें. पिशवींतील वंगण घट्ट होतें, पुठ्ठा दमट हवेनें फुगतो व त्याला बुरशीचे ठिपके येतात. जुळविलेल्या गाडींत कोणी जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी विसरून ठेवली असेल तर तिच्यांतून पाझरलेला क्षार आसपासचें तांबें खाऊन टाकतो. म्हणून कित्येक संग्राहक पेटी अंधाऱ्या, कोरड्या कपाटांत आडवी ठेवतात व तिच्यावर दुसरी पेटी रचीत नाहींत. कारण झाकणावरच्या चित्राचा कोपरा दबला तरी तिचें मोल उतरतें. पूर्वीं ज्या चित्राकडे पाहून मुलें दुकानाच्या कांचेला नाक लावून उभीं राहत, त्या चित्राची ही प्रतिष्ठा अगदींच अयोग्य आहे असें म्हणतां येणार नाहीं. पुष्कळांनीं तें चित्रच पाहिलें होतें. गाडी घेण्याइतके पैसे घरांत नव्हते. आज मोठ्या किंमतीला पेटी विकत घेणारांत असे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांनीं ती उघडूं नये ह्याचें कारण नुसता नफा नव्हे.

इकडे, २००४ सालीं, एक विलक्षण गोष्ट घडली. तामियांनीं हॉर्नेटचा संच पुन्हा विक्रीस आणला. पाठोपाठ ग्रासहॉपर आली, २००९ सालीं रफ रायडरची गाडी बग्गी चँप ह्या नांवानें आली, २०१० सालीं सँड स्कॉर्चर, २०११ त अव्हांते. असोसिएटेडनें २०१३ सालीं आर्‌सी-१० ची नवी आवृत्ति काढली व क्योशोनें २०१४ त स्कॉर्पियन परत आणली. ज्यांनीं एकेका पेटीसाठीं वर्षानुवर्षें पैसा जमविला होता त्यांच्या पायांखालची जमीन क्षणभर हलली. दुर्मिळ म्हणून जपलेली वस्तु दुकानांत नवीकोरी मिळूं लागली, तर जुनीचें काय व्हावयाचें?

उत्तर हळूहळू मिळालें, आणि तें सर्वांना सारखें लागू पडलें नाहीं. पुस्तकप्रेमी मनुष्य पहिल्या आवृत्तीची प्रत आणि पुनर्मुद्रण ह्यांतला भेद जाणतो. मजकूर एकच असला तरी पहिलीचा मान तिच्याकडेच राहतो. गाड्यांचें तसेंच झालें. नव्या आवृत्तींत चिकटचित्रांवरचीं जुन्या जाहिरातदारांचीं नांवें पुष्कळ ठिकाणीं बदललीं, कांहीं भाग आजच्या यंत्रांना जुळतील असे केले गेले, आणि अनुक्रमांकहि नवा आला. जुन्या हॉर्नेटचा आंकडा ५८०४५, नवीचा ५८३३६. जुन्या सँड स्कॉर्चरचा ५८०१६, नवीचा ५८४५२. आंकड्यांचें पाठांतर संग्राहक करतात तें ह्यासाठीं. कारण ह्याच वेळेपासून लबाडीलाहि वाव मिळाला. जुन्या पेटींतून कोणी एक भाग काढून घेतला असेल तर तेथें नव्या संचांतला भाग घालतां येतो. फाटलेल्या पिशवीचें तोंड पुन्हा मिटवितां येतें. म्हणून जाणता मनुष्य पेटी विकत घेण्यापूर्वीं प्लॅस्टिकच्या चौकटींवरचीं अक्षरें वाचतो, पिशव्यांचे टांके पाहतो, पुस्तिकेचा कागद हातांत घेऊन पाहतो. जुन्या हस्तलिखितांच्या परीक्षकाला हें काम परकें वाटणार नाहीं.

नव्या आवृत्त्यांनीं नुकसान झालें तें मुख्यतः मधल्या वर्गाचें: थोड्या वापरलेल्या, थोड्या मोडलेल्या जुन्या गाड्या, ज्या लोक केवळ दुसरी मिळत नाहीं म्हणून घेत. न उघडलेल्या पेट्यांचा मान बराचसा टिकला. आणि एक फायदा झाला, त्याची गणना पैशांत करूं नये. चालविण्याची हौस आणि जपण्याची हौस ह्यांची फारकत झाल्यामुळें दोन्ही निर्भय झाल्या. ज्याला वाळूंत गाडी पळवावयाची तो नवी घेऊन पळवितो. जुनी फुटेल ह्या धास्तीनें त्याचा हात आंखडत नाहीं. ज्याला जुनीच पाहिजे त्याला ती कां पाहिजे हें आतां स्वतःला सांगावें लागतें. मग कोणी सांगतो, मला त्या काळचें प्लॅस्टिक पाहिजे. कोणी सांगतो, मला माझ्याच लहानपणींचा संच पाहिजे. आणि कोणी सांगत नाहीं, नुसती पेटी कपाटांत ठेवून देतो.

ह्या हौसेचें टोंक इंग्लंडांत पाहावयास मिळालें. १९८५ सालची वाइल्ड वन ही तामियांची बग्गी खऱ्या मोटारीइतकी मोठी करून, आंत माणूस बसून चालवील अशी विजेची गाडी बनविण्याची योजना तेथील बिस्टर गांवच्या एका कंपनीनें २०२१ सालीं जाहीर केली. खऱ्या मोटारी लहान करून ज्या कारखान्यानें नांव कमावलें त्याचें खेळणें मोठें करून मोटार व्हावी, हें पाहून खरी पोर्शे सुटी करणारे शुनसाकु तामिया मनांत हंसले असतील.

आपल्या देशांत ह्या संचांचें आगमन फार उशीरां झालें. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याप्रमाणें असें कोणतेंहि यंत्र परवान्यावांचून बाळगणें हा येथें गुन्हा होता, आणि परदेशी उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर २००१ सालापर्यंत निर्बंध होते. त्यामुळें मुंबई-पुण्याकडच्या घरांत १९८५ च्या सुमारास असा संच आलाच असेल तर तो परदेशाहून परतणाऱ्या कोणा आप्ताच्या सामानांतूनच. म्हणून येथें जुना संच म्हणजे दुकानाच्या माळ्यावर विसरलेली पेटी नव्हे, एखाद्या कुटुंबानें अनेक वर्षें सांभाळलेली वस्तु असण्याचाच संभव अधिक. आणि तिच्यांत बॅटरी राहून गेली असेल तर ती आधीं काढून टाकणें बरें.

संग्राहकांत एक पंथ आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. हे लोक न उघडलेल्या पेटीच्या मागें लागत नाहींत. ते मोडक्या गाड्या घेतात. कोणाच्या माळ्यावरची, चाक नसलेली, कोणा मुलानें घरचाच रंग फासलेली सँड स्कॉर्चर आणून ते ती संपूर्ण सुटी करतात, धातूचे हात घासूनपुसून स्वच्छ करतात, गंजलेले स्क्रू बदलतात आणि जुनी पुस्तिका पुढें ठेवून पहिल्या पानापासून पुन्हा जुळणीस लागतात. मूळ रंग खरवडून काढावा कीं त्या मुलाच्या हाताची खूण म्हणून ठेवावा, ह्यावर त्यांच्यांत तीव्र मतभेद आहेत. बाजार खरवडणाराच्या बाजूचा आहे. पण ज्या संचाचा जन्मच कोणाच्या तरी हातून पुरा होण्यासाठीं होता त्याच्यावरून त्या हाताची खूण पुसण्यांत कांहींतरी चुकतें, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाहीं. टायरांच्या बाबतींत मात्र दोन्ही पक्षांचें एकमत आहे. जुने टायर भेगाळलेले असतात, त्यांना उपाय नाहीं. २०१० सालच्या आवृत्तीचे टायर १९७९ सालच्या चाकांवर बसतात, आणि तेवढ्यामुळें तीस-चाळीस वर्षें जागची न हललेली कित्येक गाडी आज पुन्हा अंगणांत धांवते.